उकडतं म्हणायचं नाही

बाई फ्रिज उघडायच्या आधी स्वेटर घालत.

हे मी इथल्या गणेशोत्सवात कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, नेदरलँड्सची थंडी, घालत असतील. नाही हो! भर जुलैत. नायमेखनमधल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात भिंतीला पाठ टेकवत नव्हती, अशा दिवसांत. इस्त्री करून झाली की, किंवा गॅसपुढून हटल्या की, बाई दारामागचा मोरपंखी सुती स्वेटर अंगात चढवायच्या, गळ्यापर्यंत बटणं लावायच्या, तोंड दुसरीकडे फिरवायच्या आणि मग फ्रिजचं दार उघडून हात आत घालायच्या. एक अंडं बाहेर काढायचं, दार धाडकन लावायचं, स्वेटर परत दारामागे. केकसाठी तीन अंडी लागली तर हा सोहळा तीनदा.

कारण काय, तर तापलेल्या अंगाला एकदम गार लागलं की माणूस वाकडा होतो. कोलंबियात, बारांकियाला, बाईंच्या शेजारी एक बाई राहायची. तिने दिवसभर इस्त्री करून तसाच फ्रिज उघडला आणि तिचं तोंड एका बाजूला जे गेलं ते परत आलंच नाही. ह्या शेजारणीचं तोंड कधी डावीकडे गेलेलं असायचं, कधी उजवीकडे. मी नुसती मान डोलवायची. मी अकोल्याची. "उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नको, बाधते. आधी बस, गुळाचा खडा खा, मग पी," हे ऐकत वाढलेली. बारांकिया आणि अकोला ह्यांच्या मध्ये एवढे समुद्र आहेत, पण दोन्हीकडच्या बायका गार पाण्याला सारख्याच घाबरतात हे पाहून मला घरच्यासारखं वाटलं होतं.

मी तिथे चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला गेले होते. काम असं, की चिप किती तापली म्हणजे बिघडते ते तपासायचं. घर मिळता मिळेना. शेवटी ऑफिसातल्या एकीने ह्या बाईंचा पत्ता दिला. बाई सत्तरीच्या, विधवा. नवरा डच, बोटीवर इंजिनिअर होता. बारांकियाच्या बंदरात प्रेमात पडला आणि ह्यांना नायमेखनला घेऊन आला. तो गेल्यावर घराचा भाडेकरार बाईंच्या नावावर राहिला. घर एका भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेचं होतं, पण एक खोली पोटभाड्याने द्यायची रीतसर परवानगी होती. त्या खोलीत मी आले. बाई डच बोलायच्या ते स्पॅनिशच्या चालीवर, मी बोलायची ते मराठीच्या चालीवर, आणि दोघींचं अडलं की इंग्रजी. सगळं कळायचं. न कळलेलं बाई हातांनी सांगायच्या.

बुटक्या, गोल, कानात मोठ्या रिंगा, ओठांना सकाळी सातलाच लाल लिपस्टिक. मला नावाने कधी हाक मारली नाही. "मुली," एवढंच. पहिल्याच दिवशी मला खुर्चीत बसवून मुलाखत घेतली. स्वयंपाक येतो का, देव मानतेस का, आणि तुमच्या गावात उन्हाळ्यात पारा किती चढतो. मी आकडा सांगितला. हा आकडा त्यांच्या गावापेक्षा जास्त होता, आणि ते त्यांना काही पटलं नाही.

"पण दमट नसणार," त्या म्हणाल्या.

"नाही, कोरडं."

"हं. मग ते मोजायचं नाही."

खोली मला मिळाली.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. टीव्हीवर हवामान सांगणारा तरुण चेहरा पाडून म्हणायचा, उद्या तीस अंश, म्हाताऱ्या माणसांनी काळजी घ्यावी, पाणी प्यावं. बाई त्याच्याकडे बघून हसायच्या. "तीस! ह्याला आमच्याकडे सकाळ म्हणतात." पस्तीस म्हणाला तरी सकाळच. खेमेन्तेकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, लाटेच्या दिवसांत एक मुलगी एकट्या म्हाताऱ्यांच्या दारोदार चौकशीला यायची. बाई तिला आत घेऊन पन्हं द्यायच्या (पन्हं मी शिकवलेलं, नाव त्यांनी स्वतःचं ठेवलेलं), तिच्या लाल झालेल्या नाकाला कोरफड चोळायच्या, आणि तिलाच सांगायच्या की बाळा, तू उन्हात फिरू नकोस. ती बिचारी आभार मानून जायची.

आमचा सगळा चौथा मजलाच तसा होता. खालच्या मजल्यांवर जुने डच लोक, आणि वर, त्या काळ्या डांबरी छताखाली, गरम देशांतली सगळी मंडळी. कुरासाओचे दोघे भाऊ, शेजारी सांतो दोमिंगोची एक पार्लरवाली, टोकाला बोगोताचे एक निवृत्त बसचालक, त्यांना मी मनात बोगोतावाले म्हणायची, आणि बाई आणि मी. जुलै आला की ते छत दिवसभर तापायचं. आणि तिथला सूर्य म्हणजे लाजच नाही त्याला. अकोल्याचं ऊन कितीही तापट असलं तरी संध्याकाळी वेळेवर घरी जातं. हा रात्री दहापर्यंत खिडकीत उभा! पण आमच्या मजल्यावर "उकडतंय" हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. तो खालच्यांचा शब्द. खालचे लोक अठ्ठावीस अंशांना अर्धे कपडे काढून हाश्हुश् करायचे, आणि आम्ही वरून कठड्यावर टेकून त्यांच्याकडे बघायचो. त्यांनी बोंबाबोंब करून संस्थेकडून खिडक्यांना बाहेरून पडदे लावून घेतले, चांगले बटण दाबल्यावर खाली येणारे. आम्ही हसलो. पार्लरवाली म्हणाली, ह्यांना बर्फाच्या पेटीत जन्माला घालायला हवं होतं.

मग आम्ही काय करायचो? आम्ही सायकली दुरुस्त करायचो.

म्हणजे असं, की तळघरात सायकली ठेवायची एक खोली होती. सिमेंटची, विनाखिडकीची, गारेगार. उष्णतेची लाट आली की चौथ्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सायकली एकदम बिघडायच्या. कुरासाओचे भाऊ चेन काढून बसायचे आणि शेजारी डॉमिनोचा डाव मांडायचे. पार्लरवाली ब्रेक बघायला म्हणून यायची आणि तिथेच एकदोघींचे केस धुऊन द्यायची. बोगोतावाले रेडिओ आणायचे. बाईंकडे सायकल नव्हती. कधीच नव्हती, पण त्या हातात पंप घेऊन बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, लागला कुणाला तर असावा. दुपारभर तिथे सहासात माणसं, एकही सायकल दुरुस्त होत नव्हती, आणि "इथे गार आहे" असं एकाच्याही तोंडून निघत नव्हतं.

ह्यात बोगोतावाल्यांची स्थिती केविलवाणी होती. बोगोता म्हणजे डोंगरावरचं थंड गाव. समुद्रकाठच्या लोकांच्या हिशेबी तिथली माणसं गोठलेली, उन्हातलं त्यांना काय कळतं! अकोल्यात मे महिन्यातल्या लग्नाला पुण्याचे पाहुणे आले की आमच्याकडे जे होतं, तेच. "सरबत द्या रे त्यांना, पुण्याचे आहेत." बोगोतावाले एकदा चुकून म्हणाले, आज जरा जास्तच आहे नाही? तर बाईंनी सगळ्यांदेखत त्यांना आपली शाल पांघरली. तेव्हापासून ते बिचारे भिजलेल्या शर्टात "छान हवा आहे" म्हणत बसायचे.

माझं आणि बाईंचं भांडण एकाच गोष्टीवरून. खिडक्या. बारांकिया समुद्रकाठी, तिथे उकाड्यावर एकच उपाय, सगळी दारं-खिडक्या उघडायच्या आणि वाऱ्याला बोलवायचं. अकोल्यात दहा वाजता खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वाळ्याचा कूलर सुरू, आणि पाचपर्यंत दार उघडणाऱ्याला शिव्या. मी सकाळी बंद करून ऑफिसला जायची, संध्याकाळी येऊन बघते तो सगळं सताड उघडं आणि घरात भट्टी.

"बाई, बाहेरची गरम हवा आत येते!"

"येते तशी जाते. घराला श्वास घेऊ दे, मुली. तू घराचं तोंड दाबतेस."

मी पंख्यापुढे ओला टॉवेल टांगून कूलर केला. त्याने घरात अशी वाफ झाली की बाई खुश. "आता कसं बारांकियासारखं वाटतंय!" मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणते, "काहून वो, थंड देशात गेली नं तू? मग कूलर कायले पायजे?" आता तिला काय सांगायचं. मी म्हटलं, गंमत म्हणून.

हे सगळं हसण्यावारी न्यायला हरकत नव्हती. पण बाईंच्या हट्टामागे एक भीती होती, आणि ती मला माहीत होती.

बाईंना एक लेक. ग्रोनिंगनला राहायची, म्हणजे पार उत्तरेला, अडीच तास लांब. मायाळू पोरगी, पण आईसारखीच हट्टी. घरी बाग, तळमजल्यावर एक रिकामी खोली, आणि ती खोली तिने आईसाठी ठरवूनच टाकली होती. आईला ती "मामा" म्हणायची. "मामा, चौथा मजला, लिफ्ट सारखी बंद, वर ते छत. ये ना इकडे." हिवाळ्यात ती आग्रह करायची नाही. उन्हाळा आला की रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आणि बाई मला सांगायच्या, "तिथे बाग आहे, मुली. शांतता आहे. नातवंडं डचमध्ये बोलतात. रविवारी जेवायला कोण येणार? बागेतली गोगलगाय?" चाळीस वर्षं ह्या घरात राहिलेली बाई. ह्याच खिडकीशी नवरा गेला. इथून निघाल्या की घर संस्थेकडे परत जाणार, मग यायचं म्हटलं तरी कुठे येणार? म्हणून एकच मार्ग. लेकीला कळू द्यायचं नाही की इथे उकडतं. खरं तर स्वतःलाही कळू द्यायचं नाही.

लेक हुशार. तिने घरात लावायला थर्मामीटर पाठवला. रोज दाखव म्हणाली. बाई कॉलच्या आधी स्वेटर घालून तो थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवायच्या. कॉल आला की लिपस्टिक पुसून नवी लावायच्या, केस नीट करायच्या, आणि थर्मामीटर कॅमेऱ्यापुढे धरायच्या. "बघ, एकोणीस."

"मामा, बाहेर चौतीस आहे."

"जुनी बांधणी आहे. आणि ऊन आत येऊ नये म्हणून तुझ्या बापाने भिंती भरून घेतल्या होत्या."

मग लेक म्हणायची, फोन तिला दे. मी यायची. ती मला इंग्रजीत विचारायची, खरं सांग, घरात किती आहे? बाई कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या. डोळे असे करायच्या, की देवळातली मूर्ती पाघळली असती. मी म्हणायची, "अगं, मी अकोल्याची, मला काही जाणवत नाही." ह्यात खोटं काय होतं? अर्धंच.

एका वर्षीच्या लाटेतला रविवार मात्र वेगळा निघाला.

रविवारी बाईंकडे सांकोचो असायचं. कोंबडी, कसावा, कच्ची केळी, मक्याची कणसं घालून तासन्तास उकळलेलं कढत सूप. उन्हात गरम सूप प्यावं, घाम येतो, अंग निवतं, असं त्यांचं शास्त्र. हवामानवाल्या पोराने त्या दिवसासाठी अडतीस सांगितले होते. मी म्हटलं, बाई, आज कोशिंबीर करू, दही आणते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पातेलं चढवलं. सकाळपासून चारही बर्नर पेटलेले. मधल्या वेळात टेबलक्लॉथना इस्त्री, कारण पाहुणे येणार. खिडक्या सताड. दुपारी पार्लरवाली आली, बोगोतावाले आले. चौघं त्या टेबलाशी बसून वाफाळतं सूप पीत होतो. पार्लरवालीची काजळाची रेघ गालापर्यंत उतरलेली. बोगोतावाल्यांचा चेहरा कणसासारखा पिवळा. आणि सगळे म्हणत होते, वा, काय चव आहे!

बाईच काही बोलत नव्हत्या. माझ्या आधी लक्षात आलं नाही. बाई गप्प म्हणजे देवाचीच कृपा असं वाटलं. मग मी बघितलं, की आम्ही तिघं घामाने निथळतोय आणि त्यांचं कपाळ कोरडं ठक्क. चेहरा लालभडक. त्यांनी चमचा उचलला, तो सूपऐवजी टेबलक्लॉथमध्ये बुडवला, आणि मला लेकीच्या नावाने हाक मारून विचारलं, "बाबा आले का गं बंदरावरून?"

मी हात लावला, अंग चटका बसेल असं तापलेलं. मी ओरडले, "ॲम्ब्युलन्स!" बोगोतावाल्यांनी फोन लावला. मी बाईंना काखेत धरून उठवलं, म्हटलं, शॉवरखाली नेऊ या. तर पार्लरवाली दारात आडवी.

"वेडी आहेस का? सकाळपासून चुलीपुढे आहे! इस्त्री केली आहे! गार पाणी टाकलंस तर मरेल ती!"

"नाही टाकलं तर मरेल!"

"तोंड वाकडं होईल!"

आणि बाई, ज्यांना बंदर आणि स्वयंपाकघर ह्यातला फरक कळत नव्हता, त्यांना हे मात्र कळलं. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. "नाही. पाणी नाही. अंग तापलंय." सत्तरीची बाई, पण हात सुटता सुटेनात! फोनवरची नर्स बोगोतावाल्यांच्या कानात सांगत होती, ओलं करा, वारा घाला, आणि ते बिचारे ते भाषांतर करून ओरडत होते, पण त्यांचं कोण ऐकतं? डोंगरावरचा माणूस. मला रडू यायला लागलं. खरंच सांगते, मी घाबरले होते. ही बाई माझ्या हातात जाणार असं वाटलं.

मग माझी नजर दारामागे गेली.

"बाई," मी म्हटलं, "स्वेटर घाला. स्वेटर घालून चालतं ना?"

त्यांनी विचार केला. त्या अवस्थेतही विचार केला! आणि चौकटीवरचा एक हात सोडून स्वेटरच्या बाहीत घातला. मग दुसरा. मी गळ्यापर्यंत बटणं लावली. पार्लरवाली बाजूला झाली. नियमाप्रमाणे आता हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि नळाचं पाणी भांड्याभांड्याने त्या स्वेटरवर ओतायला लागले. बोगोतावाल्यांनी पंखा आणून पूर्ण वेगात त्यांच्यापुढे लावला. पार्लरवालीने बर्फ रुमालात बांधून त्यांच्या काखेत दिला, पण स्वेटरच्या वरून. अकोल्याचा कूलर म्हणतात तो हाच, फक्त वाळ्याच्या जागी बाई होत्या.

ॲम्ब्युलन्सचे दोघे धापा टाकत वर आले. टेबलावर चार वाट्या कढत सूप, जमिनीवर तळं, आणि मध्यभागी मोरपंखी लोकरी दिसणारा स्वेटर घातलेली, ठिबकणारी म्हातारी. त्यातला एक मला म्हणाला, "हे कुणी सुचवलं?" मला वाटलं आता रागावतो. तो म्हणाला, "बरं केलंत. पण स्वेटर का?" मी म्हटलं, फार मोठी गोष्ट आहे. बाईंनी तेवढ्यात डोळे उघडले, त्या घामाघूम पोराकडे बघितलं आणि पुटपुटल्या, "ह्याला सूप द्या."

दोन दिवसांनी बाई हॉस्पिटलमधून घरी आल्या. तोंड जागेवर होतं. लेक ग्रोनिंगनहून आलेलीच होती. तिने फ्रिज उघडला, कारण दूध हवं होतं, आणि आत तिला तिचा थर्मामीटर सापडला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "मामा, मी तुला रोज विचारत होते."

मग तिने एकच सांगितलं. ऑगस्ट संपेपर्यंत खोली तयार होईल, नवरा रंगाला सुरुवात करतोय. आई इथे राहू शकेल ती एकाच अटीवर. संस्थेने छताला ऊन अडवणारा थर द्यायचा, खिडक्यांना बाहेरून पडदे लावायचे, खालच्यांना लावले तसे. नाहीतर ट्रक येईल. संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "मुली, माझी भांडी तू घे. तिकडे सगळं इंडक्शन आहे, ही चालणार नाहीत." माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

लेकीने फोन करकरून संस्थेचा माणूस बोलावला. उंच, सज्जन, चार मजले चढून कान लाल झालेला. तो आला तेव्हा आमचा सगळा मजला काहीतरी काम काढून बाहेर कठड्याशी उभा होता, कारण बाई जाणार ही बातमी पसरली होती. दार उघडंच, खिडक्या उघड्या. त्याने छताकडे बघितलं, भिंतीला हात लावला, टॅबलेट उघडला, आणि जरा अवघडून म्हणाला,

"अडचण अशी आहे, की ह्या मजल्यावरून आमच्याकडे आजपर्यंत एकही तक्रार नाही. खालच्यांच्या आल्या, त्यांचं काम केलं. तुमच्याकडून काहीच नाही, म्हणून आम्हाला वाटलं, तुम्हाला चालतं. तुम्ही सगळे गरम देशातले."

बाहेर कठड्याशी कुणीतरी खोकलं.

"मग आता नोंदवा," लेक म्हणाली.

"नोंदवतो ना. पण मुलीने सांगून चालत नाही, राहणाऱ्याने सांगावं लागतं." तो बाईंच्या पुढे वाकला. "मेव्राउ, ह्या घरात तुम्हाला फार उकडतं का?"

बाई खुर्चीत बसल्या होत्या. हाताला सुईच्या जागी अजून पट्टी. लिपस्टिक लावलेली. मी त्यांच्या शेजारी. एका शब्दाचं काम होतं. "हो" म्हणायचं, आणि घर राहत होतं. लेक म्हणाली, "मामा." बाईंनी तोंड उघडलं, बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांकडे बघितलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी मनात गजाननाचं नाव घेत होते.

"मला?" बाई म्हणाल्या. "मला कशाला उकडेल? मी बारांकियाची आहे."

लेकीने डोळे मिटून घेतले.

"पण ही," आणि बाईंनी माझं मनगट धरलं. "ही मुलगी. माझी भाडेकरू आहे, कागदोपत्री आहे. ही भारतातली. डोंगरात एक थंड गाव आहे, तिथली. तिला बिचारीला अजिबात सहन होत नाही. रात्रभर तळमळते. मी म्हणते, मुली, सांग कुणाला तरी, तर लाजते."

अकोला! डोंगरातलं थंड गाव! मी तोंड उघडलं ते अकोल्याचा आकडा सांगायला. दारात कुरासाओचे भाऊ होते, पार्लरवाली होती, ज्यांच्यापुढे मी दर उन्हाळ्यात "आमच्याकडे ह्याला हवा खाणं म्हणतात" असं म्हणत आले होते. संस्थेचा माणूस माझ्याकडे वळला. "खरं आहे का हे?"

बाई समोर बघत होत्या, मान ताठ. पण माझं मनगट त्यांनी आणखी घट्ट आवळलं.

"हो," मी म्हटलं. आणि मग बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या उत्तमातल्या उत्तम डचमध्ये, "मला फार उकडतं. मला सहन होत नाही."

मग बाहेरून बोगोतावाल्यांचा आवाज आला, इतका मोठा मी कधीच ऐकला नव्हता. "मलाही! मला तर वीस वर्षं उकडतंय! लिहा!"

"माझ्या कुत्र्याला," पार्लरवाली म्हणाली. "कुत्र्याला फार होतं."

तो माणूस भराभर बोटं चालवत होता. "तर ह्या ताईंच्या खोलीला पडदे," तो म्हणाला.

"आणि स्वयंपाकघराला," बाई म्हणाल्या. "ती तिथे जेवते. आणि माझ्या खोलीला. संध्याकाळी ती माझ्याशी बोलायला येते."

"आणि छताला थर?" त्याने विचारलं.

"छत तर सगळं तिच्याच डोक्यावर आहे."

लेक इतका वेळ आईकडे टक लावून बघत होती. रागावली आहे, हसते आहे, का रडते आहे, काही कळत नव्हतं, बहुतेक तिन्ही. मग तिने फोन काढला आणि खिडकीशी जाऊन ग्रोनिंगनला नवऱ्याला लावला.

"रंग राहू दे," ती म्हणाली. "आई येत नाहीये."

बाईंनी तेव्हा कुठे माझं मनगट सोडलं.